नेच्याच्या वासाचा साबण

नेच्याला वास नसतो. आमच्या नांतग्विन या वेल्श गावच्या डोंगरावर उन्हाळ्यात कमरेइतके नेचे माजतात. त्यांच्यातून चालत गेलं की हाताला ओल लागते, बाह्यांवर हिरवे डाग पडतात, पण वास म्हणून काही येत नाही. तरी फार पूर्वी कुणा साबणवाल्याच्या मनात आलं, की नेच्याला वास असता तर तो कसा असता? मग त्यानं वाळलेलं गवत, थोडं लव्हेंडर, झाडाच्या सालीवरचं शेवाळ असं काहीबाही एकत्र आणून दाढीचा साबण केला. माझ्या बाबांनी तो लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा लावला. त्यानंतर दुसरा कुठला लावला नाही. लाकडी वाटीत बसवलेली गोल वडी झिजत झिजत कागदासारखी व्हायची, मग तशीच दुसरी यायची.

बाबांचं नाव इडवाल. जन्मभर त्यांनी खाणीत पाटीचा दगड चिरला. छिन्नीच्या एका टोल्यात दगडाची पापुद्र्यासारखी पातळ पाटी सुटायची म्हणे. तोंडातून शब्द मात्र सुटता सुटत नसे. बोलणं काय ते रविवारी चॅपलमध्ये, तेही गाण्यातून. आईचं उलटं. एलिनेद बोलायला लागली की चूलसुद्धा ऐकत बसायची. तिच्या आजीकडून तिला चार ओळींची गाणी जुळवायची खोड लागली होती. गाय हरवली तरी गाणं, शेजारीण रुसली तरी गाणं. बाबांच्या दाढीवरही तिचं एक होतं. ते शनिवारी संध्याकाळी खिडकीशी आरसा टेकवून तोंडभर फेस लावत, आणि ती मागून जाता जाता म्हणायची,

डोंगरावरती बर्फ पडला,
म्हातारा माझ्या दारी आला;
गालावरून हात फिरवला —
आतून माझा इडवाल निघाला!

शनिवारी संध्याकाळी अशासाठी, की आमच्याकडे रविवारी वस्तऱ्याला हात लावत नाहीत. देवाच्या दिवशी पाणी तापवायचं ते चहाला, दाढीला नाही. जुन्या लोकांनी ते सोडून दिलं, नव्यांना ते माहीतच नाही, पण बाबांनी धरून ठेवलं. बाकी सगळे दिवस सकाळी, आणि रविवारची दाढी शनिवारी.

मग आईच्या डोळ्यांचं झालं. अगदी मधोमध डाग पडला, कुणी ओला अंगठा टेकवून चित्र पुसावं तसा. कडा दिसायच्या. दाराची चौकट दिसायची, चौकटीत उभ्या माणसाचे बूट दिसायचे, टोपी दिसायची. चेहऱ्याच्या जागी धूर. वाढू नये म्हणून डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची होती, आणि नांतग्विनहून त्या इस्पितळाला जायचं म्हणजे दोन बसगाड्या आणि एक डोंगर. म्हणून मी दोघांना इकडे हिचिन या इंग्रजी गावात आणलं. इथे मी आणि माझा नवरा कीथ राहतो, इस्पितळ जवळ आहे, मागची खोली रिकामीच होती. कीथ याच गावात जन्मला, याच गावात वाढला, आणि भरपूर पाऊस पडणाऱ्या डोंगरात माणसं का राहतात हे त्याला आजवर कळलेलं नाही. पण माणूस मऊ आहे. त्यानं खोलीला नवा रंग दिला, बाबांसाठी खिडकीशी आरसा टांगला.

आईनं घर बोटांनी आणि नाकानं पाठ करून घेतलं. कीथ घसा खाकरतो त्यावरून ती त्याला ओळखायची, मला माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून. बाबा बोलत नाहीत, घरात मोजे घालून चालतात, त्यांचा पाय वाजत नाही. पण बाबा खोलीत आले की वाळलेल्या गवताची, सालीची एक झुळूक त्यांच्या आधी आत यायची. आई मान वळवायची आणि थेट बोलायला सुरुवात करायची. तिला ते दिसत नाहीत हे परक्याला कळलंही नसतं.

इथे आल्यावर थोड्याच दिवसांत बाबांचा चेहरा बिघडला. आधी जबड्याखाली लाल चट्टा, मग गालावर बारीक पुटकुळ्या, मग सगळं तोंड भाजल्यासारखं. दाढी केली की दुपारपर्यंत आग आग. कातडी त्यांची मुळात नाजूक, लोकरीचा गळपट्टा लागला तरी मान लाल व्हायची. पण या साबणानं कधी काही केलं नव्हतं. मला वाटलं, थंडी असेल. कीथला वाटलं, पातं जुनं असेल, आणि तो नवी पाती घेऊन आला. बाबांना काही वाटलं असेल तर त्यांनी ते सांगितलं नाही. फक्त जेवताना गालाला हात लागू नये म्हणून चमचा जरा जपून धरू लागले.

शेवटी मी त्यांना बाजारातल्या औषधांच्या दुकानात नेलं. तिथली मॉरीन नावाची बाई मला चांगली ओळखते. तिनं बाबांची हनुवटी हलकेच उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, की वयाबरोबर कातडी पातळ होते, आणि बहुतेक वेळा दोषी असतो तो साबणातला वास. जन्मभर चाललेला वाससुद्धा एक दिवस चालेनासा होतो. बिनवासाचा घ्या. तिनं पांढऱ्या डबीतला एक साबण काढून दिला. डबी इतकी कोरी होती की बाबांनी ती उघडून आत काही आहे ना, पाहिलं.

बिनवासाच्या साबणानं आग थोडी कमी झाली, असं बाबा म्हणाले. निदान मान तशी हलवली. मलाही सुटल्यासारखं वाटलं.

मग ती सकाळ आली. मी स्वयंपाकघरात होते, मधलं दार उघडं होतं. आई खिडकीशी खुर्चीत बसून लोकर गुंडाळत होती. बाबा वरून दाढी करून खाली आले, नेहमीसारखे मोज्यांवर, आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिनं मान वर केली. हातातला लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला, परकर सारखा केला, आणि अगदी अदबीनं विचारलं,

"कोण आपण? मुलगी आत आहे, बोलावू का?"

इंग्रजीत.

माझ्या आईबाबांमध्ये त्या दिवसापर्यंत इंग्रजीचा एक शब्द झाला नव्हता. त्यांची भांडणं वेल्शमध्ये, त्यांचं प्रेम वेल्शमध्ये, त्यांचं गप्प बसणंसुद्धा वेल्शमध्ये. इंग्रजी म्हणजे सरकारी माणसासाठी, मीटर बघणाऱ्यासाठी, दारात आलेल्या अनोळख्यासाठी.

बाबा बोललेच नाहीत म्हणून आई घाबरली, खुर्चीचा हात घट्ट धरला. मग ते खाली बसले आणि त्यांनी तिचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला. ती हसली, खूप हसली, स्वतःलाच नावं ठेवली, त्यांच्या गालावर एक चापटीही मारली. ते हसले नाहीत. चापटी भाजलेल्या गालावर बसली होती हे तिला कुठून दिसणार.

त्या संध्याकाळी बाबा मला अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले,

"तिनं मला पुन्हा इंग्रजीत विचारलेलं मला सोसायचं नाही, मेन्ना. वास पाहिजे."

बाबांच्या मानानं हे लांबलचक भाषण झालं.

आईला आम्ही खरं ते सांगितलं. तिनं लगेच गालांवरून हलक्या बोटांनी सगळे चट्टे मोजल्यासारखे चाचपले, आणि त्यांना रागावली, की एवढं होतंय आणि बोलत नाहीस, तुझं तोंड काय मला फक्त खाऊ घालायला दिलंय का. मग तिनंच ठरवलं, की नेच्याचा वास या कातडीला नको झाला असेल तर आपण दुसरा शोधू. वास नवा असला तर असू दे, ती शिकेल. पण निवडणार ती.

असे आम्ही तिघं पुन्हा मॉरीनच्या दुकानात गेलो. मॉरीननं नाजूक कातडीला चालणारे म्हणून जेवढे होते तेवढे साबण काचेवर मांडले. आईनं दोन्ही हात मागे धरले आणि फक्त नाक पुढे केलं, मेंढरांच्या बाजारात बाबा जसे फक्त दात बघत तशी. गुलाब हुंगून तिनं सांगितलं, की हा माझ्या मावशीच्या रुमालाचा वास आहे, आणि मावशीशी माझं पटलं नाही. चंदनाचा तिला आवडला, पण म्हणाली, हा माणूस श्रीमंत वाटतो, मी याच्याशी लग्न केलं नसतं. लिंबाचा हुंगून तिला मासे तळावेसे वाटले. लव्हेंडरला ती थबकली. या गावाच्या शेतांत लव्हेंडर पिकतं, मॉरीननं तो अभिमानानं शेवटी काढला होता. आई म्हणाली, की वास चांगला आहे, पण तुमच्या गावात सगळ्यांनाच येतो. मी बाजारात भलत्याचाच हात धरून घरी येईन.

मॉरीन डोळे पुसेपर्यंत हसली. शेवटी बदामाचा राहिला. आई बराच वेळ हुंगत राहिली, मग हळूच म्हणाली, की ठीक आहे, यात इडवाल बसू शकेल.

मॉरीननं सगळ्याच साबणांचा थोडा थोडा अंश बाबांच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिला, जरा वेळानं कागदानं पुसला. आम्ही चहा पिऊन परत आलो तरी हातावर एकही लाल ठिपका उठला नव्हता. सगळे चालतात, मॉरीन म्हणाली. आम्ही बदामाचा घेतला, आणि हुरूप आला म्हणून चंदनाचाही घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबांचा गाल बदामानं भाजला. चट्टे बसायला थोडे दिवस दिले, मग चंदनानं भाजला. हातावर सगळे चालले आणि गालावर एकही चालेना, याचा अर्थ कुणालाच लागेना. मॉरीननं डॉक्टरकडे पाठवलं, डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, काही दिवस दाढीच करू नका.

बाबांनी दाढी सोडली. पांढरी खुंटं उगवली, मग त्यांचा काटेरी पुंजका झाला. आई हात लावायची आणि म्हणायची की माझ्या घरात साळिंदर शिरलंय. पण हे हात लावल्यावर. हात लावायच्या आधी, ते नुसते दारात उभे असताना, ती मान तिरकी करून थांबायची. ओळखीचा वास येत नाही, पाय वाजत नाही. मग ती ओठ उघडायची आणि मिटायची. कुठल्या भाषेत विचारायचं ते ठरत नसावं. बाबांनाही हे कळत होतं. ते दारातूनच खाकरायला शिकले, कीथसारखं. पण मग ती म्हणायची, "कीथ?"

मे महिन्यात नांतग्विनच्या चॅपलमध्ये गाण्याचा मेळा असतो. खोऱ्यातली सगळी चॅपलं एकत्र येतात आणि दिवसभर चार आवाजांत भजनं गातात. बाबा पहिल्या बाकावरचे. पांढरी खुंटं घेऊन ते त्या बाकावर बसणार नाहीत, हे सांगायची गरज नव्हती. कीथला घरी ठेवून आम्ही तिघं शनिवारी निघालो, ग्वेन्लियन मावशीकडे उतरलो. संध्याकाळी बाबांनी पिशवीतून ती जुनी लाकडी वाटी काढली. नेच्याची. मी म्हटलं, बाबा, उद्या गाता यायचं नाही इतकं तोंड भाजेल. ते आरसा टेकवत म्हणाले की भाजू दे. आई भिंतीला धरून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. तिनं गाणं म्हटलं नाही, नुसता वास घेतला.

रविवारी सकाळी मी खाली आले तेव्हा बाबा खिडकीशी उभे होते. उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. गाल गुळगुळीत, गोरा, कोवळा. एक ठिपका नाही.

चॅपलच्या दारात ही गोष्ट मावशीनं सांगितली आणि प्रवचन सुरू व्हायच्या आत ती शेवटच्या बाकापर्यंत पोहोचली. सगळ्यांना कारण तत्काळ कळलं. आमच्याकडे घराच्या ओढीला हिरायथ म्हणतात. झोप गेली, भूक गेली, परदेशात मेंढी आजारी पडली तरी शेवटी बोट त्याच्याकडेच जातं. इडवालच्या कातडीला हिरायथ झालाय, लोक म्हणाले. माणूस सोसतो, पण कातडी सांगून टाकते. एका म्हातारीनं त्यांच्या गालाला हात लावून डोळे पुसले. पाद्रीबुवांनीही मान डोलावली. आणि खरं सांगते, त्या दिवशी चार आवाज एकात मिसळून छताला भिडत होते, बाबांचा खर्ज खालून जमिनीसारखा सगळ्यांना उचलून धरत होता, तेव्हा मलाही ते पटलं.

संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर बाबा म्हणाले, "माझं तोंड इथलं आहे. ते तिथे नांदत नाही."

"मग तोंड इथे ठेव," आई म्हणाली, "बाकीचा माझ्याबरोबर चल."

पण तिचा आवाज हलका नव्हता. तिचं पुढचं इंजेक्शन आठवड्यावर आलं होतं. नांतग्विनला राहिली तर उरलेल्या कडाही पुसल्या जाणार. हिचिनला गेली तर कडा राहतील, पण त्या कडांच्या मधोमध उभा असलेला माणूस तिला कळणार नाही. तिघंही डोंगराकडे पाहत बसलो. नेच्यांची नवी टोकं नुकती उलगडत होती, मुठी सोडाव्या तशी.

सोमवारी परतलो. घरात पाऊल टाकल्याबरोबर कीथनं किटली ठेवली, आणि कप भरून आईच्या हातात दिला. तिनं एक घोट घेतला, थांबली, कपाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

"मेन्ना, या चहावर ही खरखरीत साय कशाची?"

कीथ म्हणाला, चहावर साय असतेच. तो जन्मल्यापासून ती पितो आहे. आईनं सांगितलं की ग्वेन्लियनच्या चहावर नव्हती, कप आतून काचेसारखा होता. कीथनं मावशीच्या चहात दम नसेल अशी शंका काढली. मी त्याच्याकडे पाहिलं, तशी तो झारी घेऊन परसात गेला.

आई कप घेऊन त्याच्या मागोमाग. चौकट धरत, कुंपण धरत. बाबा तिच्या मागे. परसात कीथच्या ब्लूबेरीच्या कुंड्या आहेत. तो त्यांना पोटच्या पोरांसारखं जपतो. छपराच्या पन्हळीखाली एक हिरवं पिंप आहे, त्यातलं पावसाचं पाणी झारीत घेऊन तो एकेका कुंडीला घालत होता. बाबांनी, दोन दिवस त्याच्याशी काही बोललो नाही याची भरपाई म्हणून असेल, बाजूच्या नळीकडे बोट दाखवून विचारलं की हिनं का घालत नाहीस.

"छे, नळाचं पाणी यांना चालत नाही," कीथ म्हणाला. "आपलं पाणी खडूच्या टेकड्यांतून येतं. सगळा चुना. पानं पिवळी पडतात, मग झाड मरतं. यांना पावसाचंच लागतं."

आईनं कप कुंपणाच्या भिंतीवर ठेवला.

"झाडं पिवळी पडतात," ती म्हणाली, "आणि माझा नवरा लाल."

कीथची झारी तिरकीच राहिली. पाणी त्याच्या बुटावर पडत होतं.

मग आई बोलायला लागली ती थांबेना. इथे आल्यापासून तिचे केस गवतासारखे झाले होते, तिला वाटलं म्हातारपण. न्हाणीच्या तळाशी पायाला खरखर लागायची, तिला वाटलं मी नीट घासत नाही, सून असती तर ठीक, पण मुलीला काय बोलायचं म्हणून गप्प बसली. सुके वाटाणे कितीही शिजवले तरी बोटाखाली फुटत नसत, तिला वाटलं या गावचे वाटाणेच तसे. एकेक गोष्ट तिच्या बोटांना माहीत होती, फक्त एकमेकींना भेटली नव्हती.

कीथ म्हणाला की त्यानं झाडांसाठी दहा पुस्तकं वाचली, माणसांचं कधी डोक्यातच आलं नाही. इथे कुणाच्याच येत नाही. किटलीत पांढरा थर बसतो, तो खरवडायचा, पुन्हा बसतो. सूर्य उगवतो तसंच ते.

स्वयंपाकघरात आईनं दोन वाडगे मागितले. एकात नळाचं गरम पाणी. दुसऱ्यात पिंपातलं, मी ते चहाच्या फडक्यातून दोनदा गाळलं, उकळलं, कीथ बाजूला उभा राहून त्यात किडे नाहीत ना बघत होता. बाबांनी ब्रश भिजवला, नेच्याच्या वडीवर फिरवला आणि दोन्ही वाडग्यांत फेस केला. डोळ्यांना दोन्ही पांढरेच दिसत होते. आईनं डावा हात एकात बुडवला, उजवा दुसऱ्यात, आणि बोटं चोळत बसली.

डावा हात तिनं लगेच वर काढला. "हा नासलाय. दूध नासतं तसा. साबण फेस व्हायच्या ऐवजी दही झालाय, चिकटून बसतो. हे तू रोज तोंडाला लावून वर पातं ओढत होतास?"

बाबांनी मान हलवली. तिला दिसली नाही, पण कळली.

उजवा हात तिनं वाडग्यातच ठेवला. फेस मनगटापर्यंत चढला होता, दाट, ओला, मोडत नव्हता. ती बोटं उघडायची, मिटायची. "आणि हा आपल्या घरचा," ती म्हणाली.

मला तेव्हा मॉरीनची कोपरावरची परीक्षा आठवली. तिनं साबण कोरडाच लावला, कोरडाच पुसला. नळाला हात लागला नव्हता. बिचाऱ्या गुलाबाचा, बदामाचा, चंदनाचा, कुणाचाच काही दोष नव्हता. आणि हिरायथचाही. तो आपल्या जागी होता, पण गालावर नव्हता.

दुसऱ्या सकाळी मी पावसाचं पाणी तापवून वर नेलं. बाबांनी दार लावून घेतलं. आतून ब्रशचा वाडग्यावर होणारा आवाज येत होता, मंद, गोल गोल. कीथ कामाला निघायचा होता, तरी जिन्याच्या तळाशी बूट घालत बसला. एक बूट घालायला त्याला इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नाही. आई खिडकीशी, दाराकडे पाठ करून, मटार सोलत होती. मी तिला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. टरफलं मात्र ती भांड्यात टाकत होती आणि दाणे कचऱ्याच्या टोपलीत.

बाबा खाली आले. मोज्यांवर, पाय न वाजवता. तोंड लाल नव्हतं. दारात येऊन ते थांबले, नेहमीपेक्षा जास्त थांबले, खाकरले नाहीत.

आईचे हात थांबले. तिनं मान वळवलीसुद्धा नाही.

"मोज्यांवर हिंडू नकोस," ती वेल्शमध्ये म्हणाली, "फरशी गार आहे. आणि ये, मटार सोलायला लाग, एकटीनं किती सोलू?"

बाबा तसेच उभे राहिले. मग जाऊन तिच्या शेजारी बसले आणि एक शेंग उचलली. तिनं हात लांब केला, गालावरून फिरवला, सावकाश, कानापासून हनुवटीपर्यंत, आणि हसत, श्वासाच्या आवाजात म्हणू लागली, डोंगरावरती बर्फ पडला, म्हातारा माझ्या दारी आला, गालावरून हात फिरवला... इथे ती थांबली. शेंग हातात घेऊन थांबली.

"आतून तुझा इडवाल निघाला," बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी ती ओळ कधी म्हटली नव्हती. सुरातही म्हटली नाही, नुसती सांगितली, पत्ता सांगावा तशी. जिन्याखाली कीथनं जोरात नाक शिंकरलं आणि बस चुकेल म्हणत धावत सुटला.

दुपार झाली, चहाची वेळ झाली. गाल तसाच राहिला, गोरा आणि गार. मी येता जाता बघत होते आणि बाबांना ते कळत होतं, म्हणून ते मुद्दाम तोंड वळवून बसत होते. आईच्या पुढच्या इंजेक्शनाला ते स्वतः तिला घेऊन गेले. येताना दोघं मॉरीनकडे थांबले, आईनं तिला सगळी कथा सांगितली, वर बदामाचा आणि चंदनाचा उरलेला साबण कीथला देऊन टाकलाय म्हणून सांगितलं. कीथ आता चंदनाचा वास मारत कामावर जातो. आई म्हणते, श्रीमंत वाटतो.

कीथनं परसात दुसरं पिंप बसवलं आहे. पहिलं ब्लूबेरीचं, दुसरं बाबांचं. त्यावर त्यानं घट्ट झाकण बसवलंय आणि त्यातलं पाणी कुणी झाडांना घातलं तर तो रागावतो. चहाही आम्ही त्यातलाच करतो. कीथ म्हणतो, दम नाही, पण दोन कप पितो.

या गावात आभाळ भरून आलं की लोक सुस्कारा सोडतात, दोरीवरचे कपडे काढायला धावतात. परवा तसंच झालं. मी कपडे ओढत घरात आले तर बाबा खिडकीशी उभे, हात मागे बांधून, ढगांकडे बघत.

"येतोय वाटतं," ते म्हणाले.

"येऊ दे," आई आतून म्हणाली. "झाकण काढलंस का?"